माळवद, भेंडी आणि वीणा

शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात आम्ही भाषेचे शिक्षक एक विषय हमखास देतो. 'मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली'. मुलं चार ओळींत मोकळी होतात. मामाच्या गावाला गेलो, आंबे खाल्ले, खूप मजा आली, सुट्टी कधी संपली ते कळलेच नाही. हाच निबंध २०२५ साली मला कुणी लिहायला सांगितला असता तर पुरवण्या लावाव्या लागल्या असत्या! दीड महिन्यात आम्ही तिघा भावंडांनी घराचं एक छत उतरवलं, दुसरं चढवलं, परसबाग नव्याने उभी केली आणि गावच्या सप्ताहात आमच्या घरचा पहारा दिला. आणि ह्या सगळ्या गडबडीच्या मधोमध एक प्रश्न होता, जो घरात कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं. आईने आता राहायचं कुठे?

माझं माहेर चुडावा. परभणी जिल्हा, तालुका पूर्णा. रेल्वेने नांदेडला गेला असाल तर पूर्णा जंक्शन सोडल्यावर खिडकीतून ही पाटी तुमच्या डोळ्यांसमोरून गेली असेल, लक्षात राहिली नसेल एवढंच. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, हळद. पूर्णा नदी गोदावरीला मिळते ती आमच्याच तालुक्यात. बाकी जगाला सांगण्यासारखं फार काही नाही आमच्या गावात, पण माहेर म्हटलं की तेवढं पुरतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वडील गेले. आम्ही त्यांना 'आबा' म्हणायचो. तेव्हापासून शहात्तर वर्षांची आई त्या घरात एकटी. दादा पुण्यात, मी छत्रपती संभाजीनगरला, धाकटी नांदेडात. आईचं म्हणणं एकच, "मला काय धाड भरली? मी हाय ना इथं."

आता घराबद्दल थोडं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमचं घर माळवदाचं. शहरातल्या वाचकांना हा शब्द नवा असेल. सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या लाकडांची नि फळ्यांची किलचण, तिच्यावर पाला आणि त्याच्यावर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर, धोपटून घट्ट केलेला. झालं छत. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडून जातो तेव्हा माळवदाखाली गारवा असतो. (तो गारवा एसीत नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.) मात्र दरवर्षी मृगाच्या आधी वर माती टाकावी लागते, पाणी वाहून जाईल असा उतार नीट करावा लागतो. आबांनी ते पन्नास वर्षं केलं. म्हणजे पन्नास वर्षं छतावर वजन चढत गेलं, हेही आलंच.

त्या वजनाची भीती मराठवाड्याच्या मनात बसली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमून झोपलेली हजारो माणसं दगडमातीच्या भिंती आणि माळवदं ह्यांच्याखाली गेली. त्यानंतर कितीतरी गावांत लोकांनी माळवदाची माती उतरवून पत्रे घातले. आमचं घर मात्र तसंच राहिलं. मग २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास पुन्हा जमीन हलली. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. परभणी, नांदेड सगळीकडे जाणवला तो धक्का. आई-आबा अंगणात येऊन बसले. आबांनी मला फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं, "माती उतरवावी लागते आता." जुलैत पुन्हा तसाच धक्का बसला. पण पावसाळ्यात छत उघडता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात करू म्हणाले. पुढचा उन्हाळा आला तेव्हा आबा नव्हते, काम तेवढं शिल्लक होतं.

तर २ मे ला सुट्टी लागली आणि मी चुडाव्याला पोचले. दादाही रजा टाकून आला होता. त्याच्या मोबाईलमध्ये भलीमोठी यादी. माळवद उतरवणे. लोखंडी अँगल, पत्रे. न्हाणीत धरायला दांडी. कमोड. अंगणातल्या पायरीला कठडा. मागच्या भिंतीला चुना. कंपनीत काम करणारा माणूस, त्यामुळे प्रत्येक कामापुढे तारीख! मिस्त्रींनी यादी ऐकून घेतली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "सगळं करू. पर सप्ताह उठल्याबिगर कुदळ लागत नसती, भाऊ."

गावचा अखंड हरिनाम सप्ताह वैशाख पौर्णिमेला, म्हणजे १२ मे ला उठणार होता. तोवर मिस्त्री मृदंगावर, सुतार टाळकऱ्यांत आणि बाकीची गडी माणसं मंडपात. दादाच्या यादीतल्या सगळ्या तारखा आठ दिवस पुढे सरकल्या.

ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पहाटे चारला काकडा. मग ज्ञानेश्वरीचं पारायण, अठरा अध्याय सात दिवसांत. दुपारी गाथा भजन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, त्यानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण. पोळ्या घराघरातून करून न्यायच्या, भाजी-वरण मंडपात मोठ्या कढयांत. हे सगळं चालू असताना देवळात एक माणूस गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. रात्रंदिवस. सात दिवस ती वीणा जमिनीला टेकत नाही आणि नामही थांबत नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात, ते वहीत लिहिलेले असतात, आणि बरेचसे पहारे वर्षानुवर्षं त्या त्या घरचे ठरलेले असतात.

आमच्या घरचा पहारा रात्री दोन ते चारचा. सगळ्यात अवघड. कीर्तनाची गर्दी पांगलेली असते, काकडा व्हायचा असतो, देवळात वीणेकरी, दोनचार टाळकरी आणि झोपलेली कुत्री. आबांनी हा पहारा तरुणपणापासून केला. सप्ताह सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी वही घेऊन एक काका घरी आले. ओसरीवर टेकले, पाणी प्यायले, आणि हळूच म्हणाले, "आबाचा पहारा दुसऱ्या कुणाच्या नावानं लिहू का?"

कुणी काही बोललं नाही. आई आतल्या दारात उभी होती, ती जमिनीकडे बघत होती. आणि दादा म्हणाला, "लिहा माझं नाव."

मी चमकून बघितलं. दादाचं आणि देवळाचं कधी फार जमलं नाही. कॉलेजात असताना ह्यावरून आबांशी वादही व्हायचे त्याचे. पण त्या रात्री पावणेदोनला तो आंघोळ करून, आबांचं धोतर नको म्हणून आपला पांढरा लेंगा-सदरा घालून तयार! मी बॅटरी घेऊन सोबत गेले.

वीणा कशी देतात घेतात ते मी लहानपणीही पाहिलं असेल, पण नीट लक्ष गेलं ते त्या रात्री. आधीचा माणूस ती खाली ठेवत नाही. नवा माणूस जवळ येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि ती ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. मधल्या काळात तार वाजतच असते. ज्याचा पहारा संपला तो सरळ घरी जाऊन झोपतो. तो आपण किती वेळ उभे होतो ते सांगत बसत नाही, आणि उरलेल्या बावीस तासांची काळजीही करत नाही. त्याचे दोन तास त्याने केले, बस्स.

पहिल्या रात्री दादाचे पाय दुखून आले. दुसऱ्या रात्री त्याला ताल सापडला. तिसऱ्या रात्री मला म्हणाला, "तू झोप, मी जातो एकटा."

एवढं सगळं छान छान लिहितेय म्हणून असं समजू नका की घरात गोडीगुलाबी होती. चौथ्या दिवशी दुपारी भांडण झालंच. धाकटी नांदेडहून आली होती. आम्ही तिघी अंगणातल्या सावलीत कुरडया घालत होतो, दादा पत्र्याच्या मापाचा कागद घेऊन बसला होता. तो सहज म्हणाला, "एवढा खर्च करतोय खरा, पण शेवटी आईला पुण्यालाच न्यावं लागणार." मी म्हटलं, पुण्याला तिसऱ्या मजल्यावर काय करील ती? माझ्याकडे तळमजला आहे. धाकटी इतका वेळ गप्प होती. हातातला सोऱ्या खाली ठेवून ती म्हणाली, "तुम्ही दोघं सुट्टीला येता. मी फोनला येते."

खरं होतं ते. जवळ राहणाऱ्याच्या वाट्याला काय येतं हे दूर राहणाऱ्याला कळत नाही. पाणी आलं नाही, बीपीची गोळी संपली, रात्री छातीत धडधडलं, प्रत्येक वेळी धाकटीच. तिची नोकरी, तिच्या सासूबाईंचं दुखणं, मुलाची दहावी. आम्ही पैसे पाठवायचो आणि "काही लागलं तर सांग" म्हणायचो. पुढचा अर्धा तास जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्या घरात भावंडं असतील तर तुम्हाला ते पाठच असेल.

आई कुरडया घालत राहिली. मग तिने विचारलं, "एक सांगा. आपली वीणा सात दिस खाली टेकत नाई. मंग एकच माणूस सात दिस उभा ऱ्हातो का?"

"नाही," दादा म्हणाला.

"मंग मला सांभाळायला एकच घर कामून धुंडू लालेत तुमी? पहारे लावा."

आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आणि तिने पुढे जे म्हटलं ते मला आजही जास्त मोलाचं वाटतं. ती म्हणाली, "अन् त्यात एक पहारा माझा बी लिहा. मी काय नुसती वीणा नाई. मला बी हात-पाय हायत."

त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका पानामागे पहारे लिहिले गेले. दर महिन्याचा पहिला शनिवार-रविवार दादाचा, तिसरा माझा. सकाळचा फोन दादाने करायचा, रात्रीचा मी. औषधं, वीजबिल, गॅस हे दादाकडे, ते पुण्यातून मोबाईलवर होतं. डॉक्टर धाकटीकडे, कारण दवाखाना नांदेडलाच, पण तिने फोन केला की आमच्यापैकी एकाने दुसऱ्या दिवशी येऊन तिला मोकळं करायचं. मे महिना माझा, दिवाळी दादाची. आईचा पहारा असा, की गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करायची, दुखणं लपवायचं नाही, आणि न्हाणीतल्या दांडीला नावं ठेवायची नाहीत. शेवटच्या कलमावर बरीच चर्चा झाली :)

पौर्णिमेला काला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच कुदळ लागली. माती उतरताना बघणं हा एक अनुभव आहे. वरचा थर भुरका, खाली पिवळसर, आणखी खाली घट्ट, पांढुरकी. मिस्त्री म्हणाले, एकेका वर्षाची माती आहे ही. टोपल्यांमागून टोपल्या दोन दिवस उतरत होत्या. इतकं ओझं डोक्यावर घेऊन आपण आयुष्यभर निवांत झोपत होतो, ह्याचं नवल वाटलं. तुळया मात्र टणटणीत निघाल्या. एकच बदलावी लागली.

आणि छत पूर्ण उघडं असताना पाऊस आला. तुम्हाला आठवत असेल, २०२५चा मे महिना अख्ख्या महाराष्ट्रात पावसातच गेला. मोसमी पाऊस केरळात २४ मे ला आणि मुंबईत २६ मे लाच येऊन ठेपला, पण त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे अवकाळीने सुरुवात केली होती. आईच्या अर्ध्या कुरडया त्या ढगांनी आधीच आंबवल्या होत्या. त्या संध्याकाळी वारा सुटला, पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढलं, आणि आमच्या मधल्या खोलीत वर नुसतं आकाश. धान्याच्या कोठ्या, गाद्या, कपाट, आबांचा फोटो, सगळं उघड्यावर.

आम्ही सामान ओढत होतो तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. सप्ताहाच्या मंडपाची ताडपत्री, जी परवाच सोडून घडी करून ठेवली होती, ती सातआठ जण खांद्यावर घेऊन पळत येत होते. पुढे मृदंग वाजवणारे आमचे मिस्त्री, मागे वहीवाले काका. वीस मिनिटांत तुळयांवर ताडपत्री ताणून दोऱ्या आवळल्या. दोर संपला तर एकाने बैलाची कासरी आणून दिली. मग जो पाऊस कोसळला! सगळे ओसरीवर दाटीवाटीने उभे. आईने मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. कुणीतरी म्हणालं, "सप्ताहाचा आठवा दिवस इथं झाला म्हणायचा."

आई एकटी आहे, आई एकटी आहे, असं आम्ही तिघं सात महिने घोकत होतो. त्या ओसरीवर मी माणसं मोजली. एकोणीस होती.

अर्थात शेजार म्हणजे काही दवाखाना नव्हे, आणि माणसांच्या जिवावर आईला तिथे सोडून आपण मोकळं व्हावं असंही नाही. पण पुण्यातला तिसरा मजला आणि हे अंगण ह्यांची तुलना करताना ह्या एकोणीस जणांना आमच्या हिशोबात कुठेच जागा नव्हती. ती त्या दिवशी मिळाली.

पावसाची उघडीप बघून पत्रे चढले. किलचण तशीच ठेवली आणि तिच्यावर हातभर जागा मोकळी सोडून मग पत्रा, म्हणजे तापलेली हवा मधूनच निघून जाते. माळवदाचा गारवा नाहीच तो. पण रात्री जमीन हलली तर काय, हा विचार आता डोक्यात येत नाही.

उतरलेल्या मातीचा अंगणात हा मोठा ढीग. दादा ट्रॅक्टर सांगणार होता, आईने अडवलं. "जुन्या घराची माती हाय, परसात टाका." मग शेणखत, थोडी काळी माती आणि ही माळवदाची माती असं कालवून मागच्या परसात वाफे केले. न्हाणीचं पाणी तिकडेच वळवलं. आखितीला आईने आधीच दोडक्या-कारल्याची आळी लावून ठेवली होती, ते वेल मांडवावर चढवले. आणि एका वाफ्यात भेंडी. आमच्याकडे भेंडी म्हणजे 'परभणी क्रांती'.

हे नाव तुम्ही दुसऱ्या राज्यांतल्या बियाण्याच्या दुकानांतही ऐकलं असेल. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं, आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे तयार झालेलं हे वाण. भेंडीवर एक रोग पडतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडत जातात आणि झाड खुंटतं. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर उपाय म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' ह्या नेहमीच्या भेंडीचा एका रानटी भावंडाशी संकर केला आणि त्यातून निवड करत करत रोगाला दाद न देणारी भेंडी काढली. दरवर्षी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी तिथे खरीप मेळावा भरतो, आबा न चुकता जायचे. हे संकरित बियाणं नव्हे, सरळ वाण. म्हणजे चार शेंगा झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचं. आबांनी ठेवलेली बियांची पुरचुंडी आईने डब्यातून काढून दिली, आणि तीच आम्ही लावली. आठव्या दिवशी उगवली.

पुढे सप्टेंबरात मराठवाड्यावर पावसाने जो कहर केला तो सगळ्यांना ठाऊक आहे. शेतं वाहून गेली, सोयाबीन सडलं, आमच्याकडेही नुकसान झालं. आईची मधली खोली मात्र कोरडी राहिली.

आणि पहारे? ते चालू आहेत. अगदी वहीत लिहिल्यासारखे नाही. दादाचा एक रविवार ऑफिसने खाल्ला, तेव्हा मी गेले. माझ्या परीक्षेच्या पेपरांच्या वेळी धाकटी राहिली, तेव्हा तिला आम्ही पुढच्या महिन्यात सुट्टी दिली. पण धाकटीच्या आवाजातला तो थकवा गेला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. काम काही फार कमी झालं नाही तिचं. आपल्यानंतर कुणीतरी उभं राहणार आहे हे तिला आता माहीत आहे, म्हणून फरक पडला असावा.

आपण आईवडिलांच्या म्हाताऱ्यापणाबद्दल बोलतो तेव्हा 'कुणाकडे' हा शब्द फार वापरतो. आई कुणाकडे असते? वडील कुणाकडे राहणार? जसं काही ते एक सामान आहे आणि एकाच कपाटात मावायला हवं. गावच्या देवळात सात दिवस, एकशे अडुसष्ट तास नाम चालतं आणि त्यासाठी कुणी संत लागत नाही. चौऱ्याऐंशी पहारे लागतात, आणि आपली वेळ झाली की झोपेतून उठून येणारी साधी माणसं लागतात. मला वाटतं बहुतेक मोठी कामं अशीच होत असावीत. असो.

ह्या वेळी आईने भेंडीच्या बियांच्या तीन पुरचुंड्या केल्यात. एक पुण्याच्या गॅलरीतल्या कुंडीसाठी, एक नांदेडला, एक माझ्या तळमजल्यासाठी. चौथी तिच्या डब्यात. तुमच्याकडे ऊन येणारी कुंडी असेल तर कळवा, एखादी चिमूट तुम्हालाही निघेल.